‘सर्विसाल’ : एका शब्दाचा आणि एका व्यापाराचा इतिहास

मोठ्या उद्योगाची जबाबदारी कारखान्याच्या फाटकापाशी संपते, की कच्चा माल जेथे पिकतो त्या मळ्यापर्यंत ती पोहोचते, हा प्रश्न आज ‘पुरवठा-साखळी’ या नावाखाली चर्चिला जातो. नाव नवे असले तरी प्रश्न जुना आहे. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील कॅडबरी या कोको व चॉकलेटच्या कारखानदारांच्या १९०१ ते १९०९ या काळातील वर्तनाचा विचार करावयाचा आहे. ही कथा आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. तथापि तिच्या मुळाशी एका शब्दाच्या अर्थाचा वाद होता, या गोष्टीकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले दिसत नाही.

कॅडबरी कुटुंब क्वेकर पंथाचे. दास्यविमोचनाच्या चळवळीत या पंथाचा वाटा मोठा होता. १८७९ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमच्या धुरकट वस्तीतून आपला कारखाना बाहेर काढून बोर्नव्हिल येथे नेला आणि पुढे तेथे बागांनी वेढलेली टुमदार घरांची वसाहत उभारली. कामगारांचे कल्याण हे या पेढीचे भूषण मानले जाई. परंतु तिला लागणाऱ्या कोकोचा फार मोठा हिस्सा येत असे तो आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या साओ तोमे व प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून. तेथील मळ्यांवर राबणारे मजूर मुख्यतः अँगोलातून आणलेले असत.

या मजुरांना कायद्याने काय म्हणावयाचे? पोर्तुगीज राज्यात १८६९ च्या फर्मानाने ‘दास’ ही संज्ञा रद्द झाली आणि तिच्या जागी ‘लिबेर्तु’, म्हणजे मुक्त केलेला, ही संज्ञा आली. १८७५ च्या कायद्याने तीही अवस्था संपविण्याचे ठरविले. त्यानंतर कागदोपत्री उरला तो ‘सर्विसाल’, म्हणजे चाकरीवर ठेवलेला मनुष्य. त्याच्याशी पाच वर्षांचा करार होई. वेतन ठरलेले असे. मुदत संपल्यावर स्वदेशी परत जाण्याचा हक्कही लिहिलेला असे. प्रत्यक्षात अँगोलाच्या अंतर्भागात माणसे विकत घेतली जात, किनाऱ्यावर अधिकाऱ्यासमोर करार उरकला जाई, आणि मुदत संपताच तो पुन्हा नवा केला जाई. १९०८ पूर्वी अँगोलात परत गेलेले मजूर जवळजवळ नव्हतेच. संज्ञा दोन वेळा पालटली. संज्ञेने निर्दिष्ट होणारी वस्तुस्थिती मात्र फारशी पालटली नाही.

आपल्याकडील वाचकास येथे ‘गिरमिट’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’चा हा अपभ्रंश. (सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही, त्याचे मूळ वेगळ्याच इंग्रजी शब्दात आहे.) मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या करारबद्ध मजुरांत मराठी भाषकही होते. तेथे निदान परतीची वाट काही प्रमाणात खुली होती. ‘गिरमिट’ हा शब्द राबणाऱ्यांच्या तोंडी घडला व त्यात त्यांच्या अनुभवाचा कडवटपणा उतरला. ‘सर्विसाल’ हा राज्यकर्त्यांच्या दप्तरात घडला व त्याने अनुभव झाकला. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९०१ मध्ये साओ तोमेवरील एक मळा विक्रीस निघाला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत मजुरांचीही किंमत धरलेली विल्यम कॅडबरी यांच्या दृष्टीस पडली. १९०३ मध्ये ते लिस्बनला गेले. मळेवाल्यांनी आरोप नाकारले व खात्री करून घेण्यासाठी कोणासही पाठवावे असे सांगितले. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट हे क्वेकर गृहस्थ चौकशीसाठी निघाले. तत्पूर्वी त्यांना पोर्तुगीज भाषा शिकावी लागली. याच सुमारास हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने स्वतंत्रपणे अँगोला व बेटे पाहून १९०६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या पद्धतीस उघडपणे दास्य म्हटले. बर्ट यांचा अहवाल १९०७ मध्ये तयार झाला. त्याचाही निष्कर्ष तोच होता. ब्रिटिश परराष्ट्र खात्यास मात्र ट्रान्सव्हालच्या खाणींसाठी पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर हवे होते. त्यामुळे लिस्बनवर दडपण आणण्यात त्याला उत्साह नव्हता. कॅडबरींनी खात्याच्या सल्ल्याने वाट पाहिली, आणि कोकोची खरेदी चालू राहिली. १९०१ ते १९०८ या काळात या खरेदीपोटी सुमारे १३ लक्ष पौंड दिले गेले.

सप्टेंबर १९०८ मध्ये लंडनच्या ‘स्टँडर्ड’ पत्राने या विसंगतीवर बोट ठेवले. कॅडबरींनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मार्च १९०९ मध्ये, खटला उभा राहण्यापूर्वीच, कॅडबरी, फ्राय व राउनट्री या तिन्ही पेढ्यांनी बेटांवरील कोको घेणे थांबविले. त्याच वर्षाच्या अखेरीस बर्मिंगहॅम येथे निकाल लागला. पंचांनी कौल कॅडबरींच्या बाजूने दिला, परंतु भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. कायदा एका बाजूस आणि सामान्य माणसाची न्यायबुद्धी दुसऱ्या बाजूस, असा हा निवाडा होता.

कॅडबरींना ढोंगी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते यथार्थ होणार नाही. चौकशीचा खर्च त्यांनीच केला होता. खरेदी थांबविल्यास बेटांवरील आपले वजन जाईल व मजुरांचे काहीच भले होणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद आजही पोकळ म्हणता येत नाही. दोष अन्यत्र आहे. वाट किती काळ पाहावयाची याची मर्यादा त्यांनी आखली नाही. आणि आपण ज्याला विलंब म्हणतो तो मळ्यावरील माणसाचे उरलेले आयुष्य असतो, हे बोर्नव्हिलहून दिसत नव्हते.

बहिष्कार शक्य झाला तो पर्याय निर्माण झाल्यामुळे. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे आफ्रिकी शेतकरी स्वतःच्या जमिनीवर कोको लावीत होते. १९११ पर्यंत तो प्रदेश जगातील सर्वांत मोठा उत्पादक बनला. नीट आंबविलेल्या व वाळविलेल्या दाण्यास अधिक भाव देण्याचे धोरण कॅडबरींनी तेथे ठेवले. तरीही प्रश्न मिटला नाही. १९३७ मध्ये खरेदीदार कंपन्यांनी आपसांत करार करून भाव बांधले, त्यांत कॅडबरीही होती; शेतकऱ्यांनी १९३८ पर्यंत माल रोखून धरला. ‘करार’ या शब्दाने येथे पुन्हा आपले दुसरे रूप दाखविले.

२००१ मध्ये चॉकलेट उद्योगाने पश्चिम आफ्रिकेतील कोकोशेतीतून बालमजुरीचे अत्यंत वाईट प्रकार नाहीसे करण्याचा मसुदा मान्य केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो येथील संशोधन-संस्थेच्या अहवालात घाना व कोत दिव्वार या दोन देशांत सुमारे १५ लक्ष ६० हजार मुले कोकोच्या पिकावर बालमजुरी करीत असल्याचा अंदाज दिला आहे. आज मळ्याच्या जागी घरची शेती आहे आणि मुदतबंद कराराच्या जागी प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्रावरील शब्द व शेतातील वस्तुस्थिती यांतील अंतर मोजण्याचे काम मात्र १९०५ इतकेच आवश्यक आहे. आणि त्यासाठी, बर्ट यांच्याप्रमाणे, प्रथम तेथील भाषा शिकावी लागते.