आधी काय, मग काय? तारपा, गळाची काठी आणि हातातला क्रम

आज डहाणू-तलासरीकडच्या तारप्यापासून सुरुवात करतो.

माझ्या घरी भिंतीवर एक तारपा आहे, बाजारातून घेतलेला. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मधमाशीचं मेण, ताडाच्या पानांचा कर्णा, सगळं आहे. पण तो वाजत नाही. तलासरी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना दाखवला. त्यांनी मेण जिथं लावलंय तिथं बोट फिरवलं आणि हसले. नळ्यांच्या जिभा जुळवून न बघताच भोपळा बंद केला होता. जीभ आधी फुंकून बघायची, दोन्ही नळ्यांचे सूर एकमेकांशी जुळवायचे, आणि मग त्या भोपळ्यात बसवून मेणानं बंद करायच्या. एकदा बंद झालं की जीभ आत राहते, तिथं हात पोचत नाही.

म्हणजे वस्तूत कमी काहीच नव्हतं, चुकला होता तो क्रम.

आमच्या न्यायदर्शनात कापडाचं उदाहरण नेहमी येतं. तंतू हे समवायिकारण, तंतूंचा संयोग हे असमवायिकारण, आणि विणकर, त्याची साधनं ही निमित्तकारणं. मी वर्षानुवर्षं हे शिकवलं. पण कोणता संयोग आधी, कोणता नंतर, हा प्रश्न वर्गात कधी विचारला नाही. तो या बाबांनी विचारायला लावला.

आता जरा दूर जाऊ, पण बांबू सोडायचा नाही बरं का. पाश्चात्त्य देशांत फ्लाय-फिशिंग नावाचा मासेमारीचा प्रकार आहे. गळाला पिसांची खोटी माशी बांधतात. तिला वजन नसतं, म्हणून काठी लवते आणि जड दोरीच त्या माशीला पुढं नेते. अशी काठी बांबूच्या फाकांपासून बनवायची पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्यांत ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिप या बंदूक-कारागिराचं नाव घेतलं जातं. काळ १८४०च्या दशकातला. त्या काळी वापरात असलेल्या बांबूला तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणत. बांबू आपल्याकडचा! पुढं त्याची जागा चीनच्या टोंकिन बांबूनं घेतली.

ही काठी बनते कशी? आधी बांबू चिरायचा, पेरांच्या गाठी सपाट करायच्या, वाकडी पट्टी गरम करून सरळ करायची. मग पट्ट्या शेकायच्या. त्यानंतर शेवटचा रंधा मारून प्रत्येक पट्टी ६० अंशांची, टोकाकडे निमुळती त्रिकोणी करायची. रंधा आतल्या बाजूंनी. पाठीला लावायचा नाही, कारण बळकट तंतू पाठीलगत असतात. सहा पट्ट्या सरसानं चिकटवून दोऱ्यानं आवळायच्या. सरस सुकला की सांध्याच्या धातूच्या नळ्या आणि मूठ. दोरी ओवायच्या कड्या त्यानंतर, आणि त्यांच्या बांधणीवर वॉर्निश सगळ्यात शेवटी.

शेकणं आधी का? शेकल्यावर ओल जाते आणि बांबू आकसतो. आधीच नेमका आकार दिला तर तो बिघडणार. कड्या नंतर का? काठीचे तुकडे सांध्यात जोडल्याशिवाय सगळ्या कड्या एका रेषेत येतात का, हे कळतच नाही. प्रत्येक ‘आधी’मागे एक ‘कारण’ आहे. पण तयार काठीकडे बघून यातलं काहीच दिसत नाही.

न्यूयॉर्ककडचे एव्हरेट गॅरिसन हे पेशानं इंजिनिअर आणि अशा काठ्यांचे नामांकित कारागीर. हॉगी कारमायकेल या शिष्यानं त्यांचं काम चित्रित केलं, बारकाईनं टिपून घेतलं. १९७५ साली गॅरिसन गेले. पुस्तक १९७७ साली आलं. माणूस गेला, पण त्याचा क्रम उरला. आज लोक त्या पुस्तकावरून काठ्या बनवतात.

आणि आपल्याकडे? डहाणूतल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रातलं तारप्याभोवतीचं नाचाचं वेटोळं जगानं पाहिलं. नाचाचे व्हिडिओही हवे तेवढे निघतात. पण चित्रात काय, व्हिडिओत काय, तारपा येतो तो तयार झालेला. तो बनण्याचे दिवस त्यात नसतात. आपण निकाल जपतो, रीत नाही.

म्हणून इथल्या मुलामुलींना एक विनंती. तुमच्या खिशात फोन आहे. पाड्यावर तारपा बनवणारं कुणी असेल, तर त्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्या नावानिशी भोपळा पोखरण्यापासूनचं सगळं टिपा. आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा : बाबा, हे आधी का? तो प्रश्न विचारायला उशीर झाला, तर भिंतीवर माझ्यासारखे मुके तारपेच उरतील.