कसबा पेठेचे थर

पुणे शहराचा पसारा आज कितीही वाढला असला, तरी त्याचे मूळ मुठेकाठच्या कसब्यात आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने हे गाव बेचिराख करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला. पुढे जिजाबाई व बालशिवाजी येथे आले, सोन्याच्या फाळाने भूमी नांगरली गेली आणि वस्ती पुन्हा वसली, अशी परंपरा आहे. याच काळात जिजाबाईंनी गणपतीचे देऊळ बांधले. तेच पुण्याचे ग्रामदैवत. मूर्तीवर शेंदराची पुटे चढत गेली आहेत; भोवतालच्या वस्तीचेही तसेच झाले.

शायिस्तेखानाची बोटे १६६३ साली जेथे तुटली तो लाल महाल आता नाही. त्या नावाची आजची वास्तू महापालिकेने १९८० नंतर उभारलेली आहे, हे पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. जवळच पहिल्या बाजीरावांनी १७३० साली शनिवारवाड्याचा पाया घातला. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतले महाल भस्मसात झाले. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली.

आगीने जे सांगितले तेच कसब्यातला प्रत्येक जुना वाडा सांगतो. खाली काळ्या दगडाचे घडीव जोते, वर वीट आणि लाकूड. दिंडीतून वाकून आत गेले की चौक, ओसरी, माजघर. जोते पेशवाईतले, माडीचा कठडा इंग्रजी अमदानीतला, वर मंगळुरी कौले, आणि मागची भिंत सिमेंटची, असा एकच वाडा दिसला तर नवल मानू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या पुराने नदीकाठची मातीची घरे विरघळली. दगड तेव्हाही टिकला.

आता वाडे पडतात ते पाण्याने नव्हे. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, भाऊबंदांत हिस्से वाढले, डागडुजी कोणी करावी हा प्रश्न लोंबकळत राहिला. मालकाला दोष देणे सोपे आहे. गळक्या कौलांखाली पावसाळा काढणाऱ्यास मात्र इमारतच बरी वाटते. कोरीव खांब निदान विकले तरी जातात, जोत्याला कोणी विचारीत नाही.

तांबट आळीत मात्र हातोड्याचा ठोका अजून ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यांचे मठारकाम तेथे चालते.