सेटर कुत्रा व त्याचें शिक्षण

पक्ष्यांच्या शिकारीस लागणाऱ्या कुत्र्याची पारख तो धांवतो किती यापेक्षां थांबतो कसा यावरून होते. इंग्लंडांतील सेटर हें त्याचें उत्तम उदाहरण होय. ‘सेट’ म्हणजे बसणें. पक्ष्याचा वास लागतांच जो दबून बसतो तो सेटर. भक्ष्यावर झडप घालणें हा कुत्र्याचा जातिस्वभाव. त्या झडपेपूर्वीं तो क्षणभर थबकतो. हा क्षणाचा थांबाच मनुष्यानें हेरला, पिढ्यान्‌पिढ्या निवडीनें वाढविला व शिक्षणानें स्थिर केला.

इ. स. १५७० मध्यें जॉन कायस या इंग्रज वैद्यानें ब्रिटनमधील कुत्र्यांविषयीं लॅटिन भाषेंत एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. १५७६ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें. त्यांत या कुत्र्याचें वर्णन आहे. पक्ष्यांचा माग लागला तरी तो भुंकत नाहीं. जमिनीस पोट लावून किड्याप्रमाणें सरपटत जातो आणि अगदीं जवळ पोंचतांच पडून राहतो. पारधी त्यावरून जागा ओळखून जाळें पसरतो. मग खूण होतांच कुत्रा उठतो, व बिथरलेले पक्षी जाळ्यांत सांपडतात. संकट दिसतांच तित्तिर पक्षी लगेच उडत नाहीं, गवतांत अंग चोरून बसतो. या त्याच्या संवयीवरच सारी युक्ति उभी होती. कुत्र्यानें उतावीळपणें एक उडी घेतली कीं सगळा थवा उडून जाई.

असा कुत्रा पाळणें सर्वांच्या हातचें नव्हतें. १६७१ च्या शिकार कायद्यानें, ज्यांना स्वतःच्या जमिनीचें वार्षिक शंभर पौंड उत्पन्न नाहीं अशा बहुतेक सामान्य लोकांस बंदूक, जाळें व सेटर बाळगण्याची मनाई झाली. न्यायाधिकाऱ्याचा हुकूम घेऊन जमीनदाराच्या रखवालदारानें घराची झडती घ्यावी व कुत्रा जप्त करावा, अशीहि तरतूद होती. ज्याच्या श्रमानें शेत पिके, त्यालाच त्या शेतांतला तित्तिर वर्ज्य होता. उत्पन्नाची ही अट १८३१ च्या कायद्यानें उठली. तरी शिकारीचा हक्क बहुधा जमीनमालकाकडेच राहिला.

दरम्यान सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत उडत्या पक्ष्यावर बंदूक चालविण्याची रीत इंग्लंडांत रुळूं लागली आणि कुत्र्याचें काम पालटलें. जाळें अंगावरून ओढून नेतां यावें म्हणून पूर्वीं त्यानें निजावें लागे. आतां त्यानें दुरून दिसेल असें उभें राहणें सोयीचें झालें. वाऱ्याच्या तोंडाला राहून रान आडवें-तिडवें विंचरावें, वास मिळतांच खिळल्यासारखें थांबावें, पक्षी उडाला किंवा बार झाला तरी जागा सोडूं नये, आणि दुसरा कुत्रा थांबलेला दिसतांच आपणहि थांबावें, असा त्याचा अभ्यासक्रम ठरला.

या शिक्षणास इंग्रजींत ‘ब्रेकिंग’ म्हणजे मोडणें हा शब्द रूढ होता, आणि पुष्कळ ठिकाणीं चाबूक हेंच त्याचें मुख्य साधन असे. १८४८ सालीं हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्यानें या विषयावर पुस्तक लिहिलें. त्यानें चाबूक सर्वस्वी वर्ज्य केला नाहीं. परंतु मारापेक्षां शिक्षकाच्या शांत मनावर, सारखेपणावर व बक्षिसावर त्याचा भर होता. पहिले धडे घरींच द्यावे, खाद्य समोर ठेवून आज्ञा होईपर्यंत कुत्र्यास थांबावयास शिकवावें, आणि रानांत ओरडण्याऐवजीं हाताच्या खुणेनें काम घ्यावें, असें त्याचें सांगणें.

यांत केवळ दया नव्हती, व्यवहारहि होता. पक्ष्यापाशीं मार खाल्लेला कुत्रा पुढें पक्षी सांपडला असतांहि तोंड फिरवून निघून जातो. शिकारी लोक या दोषास ‘डोळेझांक’ म्हणत. पक्षी कोठें आहे हें एकट्या कुत्र्याच्या नाकाला ठाऊक. धन्याला त्याचा सुगावाहि नसतो. कायद्याच्या बळावर कुत्रा जप्त करतां येई, पण त्याच्या नाकांतलें ज्ञान धाकानें काढून घेतां येत नसे. तें त्यानें विश्वासानेंच द्यावें लागे.

पुढें १८५९ मध्यें न्यूकॅसल येथें केवळ पॉइंटर व सेटर यांचें प्रदर्शन भरलें. तेथें पारख रूपाची होती. १८६५ मध्यें बेडफर्डशायरमधील साउथिल येथें प्रत्यक्ष रानांत कुत्र्यांची परीक्षा झाली, व रूपाइतकाच गुणालाहि मान मिळूं लागला.

आज भारतांत वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तित्तिराच्या शिकारीस बंदी आहे. ब्रिटनमध्यें शिकार चालू असली, तरी स्कॉटलंडच्या माळरानांवर सेटर व पॉइंटर यांच्याकडून दुसरेंहि एक काम घेतलें जातें. तेथें ग्राऊस पक्ष्यांची गणना करावयाची असते. कुत्रा पूर्वींप्रमाणेंच वास घेतो व निश्चल उभा राहतो. माणूस जवळ जातो, उडालेले पक्षी मोजतो आणि आंकडा वहींत लिहून घेतो. त्या दिवशीं बार होत नाहीं.