साळुंकीचें परदेशगमन

(नभोवाणीवरील भाषण)



कळमेश्वरच्या काळ्या शेतांत नांगर चालूं लागला, कीं त्याच्या मागोमाग साळुंक्या उतरतात. फाळानें उघडा पडलेला किडा टिपीत त्या अशा डौलानें चालतात, कीं जणूं शेताच्या मालकीणच!

शाळेंत असतां ह्या पक्ष्याची एक गोष्ट मी मुलांना मोठ्या अभिमानानें सांगत असें. मॉरिशस बेट फ्रेंचांच्या ताब्यांत असतां तेथील पिकांवर टोळधाडी येत. तेव्हां १७६२ च्या सुमारास हिंदुस्थानांतून साळुंक्या नेऊन तेथें सोडण्यांत आल्या, आणि आठदहा वर्षांत टोळांचा उपद्रव ओसरला. तिच्या शास्त्रीय नांवांतील ‘अॅक्रिडोथेरिस’ ह्या शब्दाचा अर्थहि ग्रीक मुळावरून ‘टोळांचा शिकारी’ असाच होतो. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, टोळ संपल्यावर साळुंक्यांनीं काय खाल्लें?” मीं “बस खालीं” म्हणून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचें उत्तर आज देतों.

पुढील शतकांत हाच उपाय इतरत्रहि योजला गेला. १८६२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें, आणि १८८३ मध्यें क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांत साळुंक्या सोडल्या गेल्या. १८६५ मध्यें डॉ. विल्यम हिलेब्रँड ह्यांनीं त्या हवाई बेटांत नेल्या. कुरणें फस्त करणाऱ्या अळ्यांचा नाश व्हावा हा हेतु. हेतु सर्वत्र चांगलाच होता. परंतु साळुंकीला अमुकच खावें असा नेम नाहीं. किडे, फळें, धान्य, दुसऱ्या पक्ष्यांचीं अंडीं, सर्व तिला चालतें. झाडांच्या ढोलींत घर करणाऱ्या तेथील पक्ष्यांच्या जागा तिनें बळकावल्या. हवाईत १८५८ मध्यें शोभेसाठीं घाणेरी आणलेली होती. तिचीं फळें खाऊन साळुंक्यांनीं तिचें बीं रानोमाळ पसरविलें. आपल्या रानांत माजलेली घाणेरीहि अशीच शोभेसाठीं अमेरिकेंतून आलेली आहे.

युरोपांतील स्टार्लिंग हा पक्षी साळुंकीच्याच कुळांतला. १८९० मध्यें यूजीन शिफेलिन ह्यांनीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें सुमारें साठ स्टार्लिंग सोडले. आज त्यांची प्रजा अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोंचली आहे. २००० सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनीं जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी आगंतुक जीवांची यादी प्रसिद्ध केली. तींत पक्षी तीनच: स्टार्लिंग, साळुंकी व लालबुड्या बुलबुल. पैकीं दोन आपल्याकडचे!

मग दोष साळुंकीचा म्हणावा काय? ह्याच कुळांतील भोरड्या हिवाळ्यांत थव्याथव्यांनीं आपल्याकडे येतात आणि ज्वारीवर तुटून पडतात. शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो. पण पळस फुलून सरला, कीं त्या आपल्याच पंखांनीं मध्य आशियाकडे परततात. साळुंकी मात्र माणसाच्या पिंजऱ्यांतून गेली. परतीची वाट तिला कोणीं ठेवलीच नव्हती.

टोळ संपल्यावर साळुंक्यांनीं जें मिळालें तें खाल्लें. तिला नेणाऱ्यांनीं हा प्रश्न नेण्यापूर्वीं विचारला नाहीं; माझ्या वर्गांतल्या मुलानें तो विचारला. तो आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. ऐकत असेल, तर त्यानें एवढें ऐकावें: प्रश्न बरोबर होता, गुरुजी चुकले होते.