ग्राफिकल इंटरफेस लायब्ररी : सानुकूलन आणि विस्तार

पडद्यावरची बटणे, याद्या, मेन्यू, तारखांचे तक्ते असे घटक प्रोग्रॅमरला आयते पुरवणाऱ्या कोडसंग्रहाला ग्राफिकल इंटरफेस लायब्ररी म्हणतात. यातल्या एकेका घटकाला विजेट हे नाव रूढ आहे. नॉर्वेत तयार झालेली क्यूटी, गिंप या चित्रसंपादकासाठी लिहिलेली आणि पुढे स्वतंत्र झालेली जीटीके, जावातील स्विंग व जावाएफएक्स ही परिचित उदाहरणे. लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या ध्यानात न आलेली गरज वापरणाऱ्याला तिच्यातच भागवता यावी, म्हणून ठेवलेल्या जागांना विस्तारबिंदू म्हणतात.

विस्ताराच्या पायऱ्या आहेत. रंग, फाँट, कडा बदलणे ही पहिली; त्यासाठी क्यूटीत स्टाइलशीट आणि जीटीके 3 पासून सीएसएस आहे. ही पायरी दिसायला आकर्षक, पण महत्त्वाने सर्वांत कमी. पुढची पायरी म्हणजे विजेट स्वतःला रेखाटत असताना मध्येच आपले काम घुसवणे. त्यापुढे मूळ वर्गापासून नवा वर्ग काढणे, माहितीचे मॉडेल रेखाटनापासून वेगळे ठेवून ते बदलणे आणि प्लगइन जोडणे. 2002 च्या जीटीके 2 मध्ये अक्षरजुळणी पँगो या वेगळ्या लायब्ररीकडे सोपवलेली होती आणि पँगोला लिपीनुसार मॉड्यूल जोडता येत असे. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसण्यासाठी प्रत्येक बटणाचा कोड बदलावा लागला नाही, ते या रचनेमुळे. पुढे हे काम हार्फबझ या लायब्ररीकडे गेले.

मराठी वापरासाठी लायब्ररीची खरी कसोटी लागते ती कॅलेंडर विजेटवर. उदाहरण गुढीपाडव्याचे घेऊ. त्या दिवशी निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा 1999 मध्ये डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली. ठाण्यात कौपीनेश्वर मंदिराशी निगडित न्यास ती काढतो. अशा संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी प्रोग्रॅम लिहायचा तर तारखेखाली तिथी दिसलीच पाहिजे. क्यूटीच्या कॅलेंडर विजेटमध्ये पेंटसेल नावाचे फंक्शन आहे. नवा वर्ग काढून ते पुन्हा लिहिले, की प्रत्येक दिवसाचा चौकोन आणि त्याची तारीख हातात येते. आधी मूळ फंक्शनला बोलावून आकडा काढून घ्यायचा आणि खाली लहान अक्षरांत ‘शु. 1’ लिहायचे. जावाएफएक्सच्या डेटपिकरमध्ये हेच काम डे-सेल फॅक्टरी देऊन होते. जीटीकेने 2.14 या आवृत्तीपासून दर दिवसाचा तपशील पुरवणारे फंक्शन जोडू दिले. इथवर सगळे सुरळीत चालते.

अडचण रेखाटनात नसून गृहीतकात आहे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. सूर्योदयाला चालू असलेली तिथी त्या दिवसाची मानतात. 19 मार्च 2026 रोजी अमावास्या सकाळी 6 वाजून 50 मिनिटांनंतर संपते. ठाण्याचा सूर्योदय त्याच्या काही मिनिटे आधीचा. प्रतिपदा दुसऱ्या दिवशी पहाटेच संपते, म्हणजे तिला सूर्योदयच मिळत नाही. ती क्षयतिथी ठरते. प्रत्येक तारखेला एकच तिथी देणारे मॉडेल 19 ला अमावास्या दाखवील, 20 ला द्वितीया, आणि शके 1948 चा गुढीपाडवा तक्त्यातून नाहीसा होईल. प्रत्यक्षात पाडवा 19 लाच. शिवाय नागपूरचा सूर्योदय ठाण्याच्या सुमारे 25 मिनिटे आधी होतो, त्यामुळे एकाच तारखेची तिथी गावागणिक वेगळी येऊ शकते. तारीख देऊन तिथी मागणाऱ्या फंक्शनला स्थळ विचारावेच लागते, आणि उत्तरात एकाहून अधिक तिथी परत करता आल्या पाहिजेत.

महिन्यांचीही तीच गत. शके 1948 मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे वर्ष 13 महिन्यांचे. बारा नावांची ठरीव यादी असलेले विजेट इथे अडते. आयसीयू या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या लायब्ररीत चिनी पंचांगासाठी अधिक महिन्याची सोय आहे, त्यामुळे हे अशक्य म्हणता येत नाही. तिच्यातले ‘इंडियन’ कॅलेंडर मात्र मेघनाद साहा समितीच्या शिफारशींवरून 22 मार्च 1957 पासून लागू झालेले राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे. त्याचा चैत्र 22 मार्चला, लीप वर्षी 21 ला, सुरू होतो. डोंबिवलीतल्या घराच्या भिंतीवरच्या चैत्राशी त्याचा मेळ बसत नाही. क्यूटीने 5.14 मध्ये ग्रेगोरियनखेरीज चार कॅलेंडरे आणली, त्यांत भारतीय एकही नाही. म्हणून तिथीची माहिती पंचांगकर्त्याच्या गणितातून घेऊन वेगळ्या मॉडेलमध्ये ठेवावी आणि विजेटने ती फक्त दाखवावी, हीच रचना टिकते. ठाण्यात दा. कृ. सोमण यांच्यासारखे पंचांगकर्ते आहेत. क्षयतिथीचा निर्णय विजेटच्या कोडवर सोपवण्याचे कारण नाही.

विस्तारबिंदू जितके जास्त तितके चांगले, असे मात्र नाही. प्रत्येक उघडी जागा लायब्ररीच्या कर्त्यांना पुढची अनेक वर्षे पाळावी लागते. सी++ मध्ये जुन्या वर्गात एक नवे व्हर्च्युअल फंक्शन घातले तरी आधी कंपाइल झालेले प्रोग्रॅम बिघडू शकतात. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या जीटीके 4 ने अनेक विजेटांपासून नवे वर्ग काढण्याची वाट बंद केली आणि विजेट एकमेकांत जोडून वापरण्यावर भर दिला. हा निर्णय योग्य होता; जोडणीने होणारे काम नवा वर्ग काढून, म्हणजे वारशाने, करू नये.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. पेंटसेलमध्ये रंगवलेली ‘शु. 1’ ही अक्षरे स्क्रीन रीडरला दिसत नाहीत, त्याच्या लेखी ते चित्र असते. दृष्टिहीन वापरकर्त्याला ‘19 मार्च, चैत्र शुद्ध प्रतिपदा’ असे ऐकू यायचे असेल, तर तो मजकूर ॲक्सेसिबिलिटीच्या इंटरफेसमधून वेगळा पुरवावा लागतो. तो पुरवला नाही तोवर विजेट अपुरेच समजावे.

तिथी दाखवणारे विजेट लिहिणाऱ्यांनी चाचणीसाठी आधी 19 मार्च 2026 ही तारीख घ्यावी आणि नंतर 17 मे ते 15 जून 2026 हा अधिक ज्येष्ठ.