होमरचे वीर कळसूत्री बाहुल्या नव्हेत

प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन जेन्स यांनी १९७६ साली मांडलेला एक सिद्धान्त अमेरिकेत आजही हिरिरीने सांगितला जातो. होमरच्या 'इलियड' या काव्यातल्या माणसांना आत्मभान नव्हते. निर्णयाची वेळ आली की त्यांच्या कानी आवाज येई, त्यालाच ते देव समजत आणि निमूट तसे वागत, असे जेन्स यांचे म्हणणे. या काव्यात ऐन मोक्याच्या क्षणी देव हजर होतो, हे खरे. पण तो येऊन नेमके काय करतो, हे पाहिले की सिद्धान्त टिकत नाही. 'ओडिसी' हे जेन्स यांच्या मते बदललेल्या मनाचे काव्य, म्हणून पुरावा 'इलियड'मधूनच घेऊ.

पहिल्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन भरसभेत आपलाच योद्धा अकिलीस याचा अपमान करतो आणि अकिलीसचे मन दुभंगते: याला ठार करावे की राग गिळावा? तो तलवार उपसू लागतो, तोच देवी अथेना मागून येऊन त्याचे केस धरते. म्हणजे देवी येण्याआधीच दोन्ही वाटा त्याच्यापुढे आहेत. तीही 'ऐकशील तर' असेच म्हणते, वर पुढे तिप्पट भरपाई मिळेल असे वचन देते. देवांचे ऐकणाऱ्याचे देव ऐकतात, असे म्हणून अकिलीस तलवार म्यान करतो. ज्याला आत्मभानच नाही, त्याची अशी मनधरणी कोण कशाला करील?

अकराव्या सर्गात तर ओडिसियस रणात एकटा सापडतो. पळावे तर नामुष्की, थांबावे तर मरण. तो स्वतःच्या मनाशी वाद घालतो आणि थांबायचे ठरवतो. त्याला सांगायला कोणताही देव येत नाही. दुसऱ्या सर्गात खुद्द देवांचा राजा झ्यूस रात्रभर जागून बेत ठरवतो. त्याच्या कानात कोण बोलते?

आता एकोणिसावा सर्ग. अकिलीसच्या अपमानाबद्दल बोलताना, झ्यूसने बुद्धी हिरावली, दोष माझा नाही, असे अगामेम्नॉन म्हणतो. पण त्याच दमात भरपाईही कबूल करतो: सात तिपाया, वीस हंडे, बारा घोडे, दहा टॅलंट सोने, आणि अकिलीसकडून हिरावून घेतलेली ब्रायसिसही परत. 'कर्ता करविता तोच' म्हणणारा मराठी माणूसही केल्या कर्माचा जाब स्वतःच देतो.

एकाच कृतीमागे दैवी आणि मानवी अशी दोन्ही कारणे एकत्र नांदतात, हे ग्रीक साहित्याचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी बर्कली येथील सॅदर व्याख्यानांतून मांडले. ती १९५१ साली ग्रंथरूपाने आली. त्याच व्यासपीठावर १९८९ साली तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी दाखवून दिले की होमरचे देव बहुधा माणसाला कारण पुरवतात. निर्णय माणूसच घेतो.

होमरची माणसे विचार करतात, ठरवतात आणि ठरवल्याची किंमत मोजतात. त्यांना आत्मभान नाकारणारा सिद्धान्त कितीही आकर्षक वाटला, तरी खुद्द 'इलियड'च त्याच्या विरुद्ध साक्ष देते.