सुलूच्या समुद्रातले ‘चाचे’

फिलिपीन्समधल्या सेबू बेटाच्या दक्षिण भागात, अगदी समुद्रालगत, बोल्होऑन नावाचं गाव आहे. तिथलं जुनं दगडी चर्च पाहताना देवळापेक्षा किल्ल्याचीच आठवण अधिक येते. जाड भिंती, शेजारी बुरूज, आणि किनाऱ्यावर पुढे दूरवर टेहळणीचे मनोरे. हा सगळा बंदोबस्त होता तो दक्षिणेच्या सुलू समुद्रातून येणाऱ्या होड्यांसाठी. नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले, की किनाऱ्यावरच्या माणसांची झोप उडे. कारण त्या होड्या सोनंनाणं नव्हे, तर माणसं उचलून नेत.

हे हल्लेखोर म्हणजे इरानून आणि बालांगिंगी जमातींचे दर्यावर्दी. त्यांना आश्रय होता होलो बेटावरच्या सुलू सुलतानाचा. स्पॅनिशांनी 1565मध्ये फिलिपीन्समध्ये ठाणं मांडलं आणि 1578मध्येच होलोवर स्वारी केली. स्पेनमध्ये ज्या मुसलमान मूरांशी ते शतकानुशतकं लढले, त्यांचंच ‘मोरो’ हे नाव त्यांनी इथल्या मुसलमानांना चिकटवलं. स्पॅनिश फौजांत भरती व्हायची ती बाटवलेल्या विसाया बेटवासीयांची. साहजिकच सुलूचा सूडही त्यांच्याच गावांवर उगवला.

पण धर्म आणि सूड एवढ्यानं हे कोडं सुटत नाही. हल्ल्यांना खरा ऊत आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. याची उकल जेम्स वॉरन या इतिहासकारानं 1981 साली आपल्या ग्रंथात केली. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता. चिनी लोकांना हवी होती समुद्रकाकडी, मोत्याचे शिंपले आणि पाकोळ्यांची खाण्याजोगी घरटी. हा माल सुलूच्या परिसरात विपुल. इंग्रज व्यापारी होलोला बंदुका, दारू, कापड आणि आपल्या बंगालची अफू आणत. मग शिंपले काढायला, समुद्रकाकडी वेचायला हात हवेत. ते हात पकडून आणले जात. 1770 ते 1870 या शंभर वर्षांत दोन ते तीन लाख माणसं अशी आणली गेली, असा वॉरनचा अंदाज आहे. म्हणजे लंडनच्या चहाच्या पेल्याचा धागा विसायातल्या एखाद्या कोळ्याच्या पायातल्या बेडीपर्यंत पोचतो!

म्हणून सुलूवाल्यांना इंग्रजांचे हस्तक समजायचं का? तसंही नाही. 1773मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं बोर्निओजवळच्या बालांबांगान बेटावर वखार घातली, तेव्हा 1775 साली सुलूच्या दातू तेतेंगनं ती लुटून उद्ध्वस्त केली. इथं आपल्याला आपले कान्होजी आंग्रे आठवतात. त्यांनाही याच कंपनीनं चाचा ठरवलं होतं. मात्र ही तुलना फार ताणू नये. आंग्रे परवान्याचं दस्तक मागत. सुलूची अर्थव्यवस्था पकडलेल्या माणसांवर उभी होती. परकी सत्तेशी झुंज आणि गरिबांची गुलामगिरी, दोन्ही एकाच होडीत बसून येत होत्या, आणि बोल्होऑनच्या बाईला त्यातला फरक कोण समजावणार?

शिडाच्या जहाजांना न सापडणाऱ्या या होड्यांवर स्पॅनिशांना तोड मिळाली ती वाफेच्या इंजिनात. फेब्रुवारी 1848मध्ये गव्हर्नर जनरल क्लावेरिया वाफेवरच्या युद्धनौका घेऊन बालांगिंगीवर चालून गेला. गढ्या पडल्या, शेकडो माणसं मेली. शरण जाण्यापेक्षा काहींनी स्वतःच्या बायकामुलांनाच मारलं. पकडून ठेवलेले कैदी सुटले खरे, पण बेट पुन्हा वसू नये म्हणून नारळाची हजारो झाडंही तोडली गेली.

होलो 1876मध्ये पडलं. पुढे स्पॅनिश जाऊन अमेरिकन आले, आणि 1906मध्ये बुद दाहो डोंगरावर त्यांच्या सैनिकांनी शेकडो मोरोंना, त्यांत बायकामुलंही होती, ठार केलं. तोवर समुद्रावरचे हल्ले जवळजवळ थांबले होते.

आणि बालांगिंगीचे लोक? त्यांतल्या पकडलेल्यांना उत्तर लुझोनमधल्या कागायान खोऱ्यात धाडलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या होडीवर वाढलेली ती माणसं समुद्रापासून दूर, तंबाखूच्या मळ्यांत राबायला लागली.